आमदारांना गेलेलं हळदीचं पाकीट

यंदाही हंगाम लागला. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या मागं लावलेले ट्रॅक्टर आष्ट्याच्या रस्त्यानं गाणी वाजवत जायला लागले. आधी गाणं येतं, मग ट्रॅक्टर येतो, मग धूळ, आणि धूळ खाली बसेपर्यंत पुढचं गाणं. सकाळी दोरीवर घातलेल्या बनियनवर दुपारपर्यंत कारखान्याच्या चिमणीची काजळी येऊन बसते. ती झटकायची, पुसायची नाही. पुसली की पसरते. आयुष्यभर हायस्कुलात गणित शिकवून मला जी थोडीफार अबाधित सत्यं सापडली, त्यांतलं हे एक.

संध्याकाळी टीव्ही लावावा तर नागपूर. हिवाळी अधिवेशन. जाकिटं घातलेले आमदार विधानभवनाच्या पायऱ्यांवर फलक धरून उभे, आणि त्यांच्यासमोर थंडीनं नाक लाल झालेला वार्ताहर. आमच्याकडं हे दोन्ही हंगाम बरोबरच लागतात. इकडं उसाचं गाळप, तिकडं प्रश्नांचं. तिकडून शेवटी काय बाहेर पडतं यावर पारावर लोक पुष्कळ बोलतात. मी बोलत नाही, कारण माझं एक काम तिथूनच झालेलं आहे. ते ज्या रीतीनं झालं, ती रीत शहाण्या माणसानं कुणाला सांगू नये. म्हणजे मला सांगायला हरकत नाही.

त्या हिवाळ्यात मी घरात नव्यानंच एकटा झालो होतो. बायको पावसाळ्यात गेली होती. एकटेपणाचंही शिकाऊ लायसन असतं. पहिले काही महिने माणूस फार चुका करतो. दोघांच्या भाताला एक वाटी तांदूळ, तर एकट्याला अर्धी, हे त्रैराशिक बिनचूक आहे; पण अर्ध्या वाटीचा भात कुकरच्या तळाला लागतो, हे कुठल्या पुस्तकात नव्हतं. दाराची कडी वाजल्यासारखी वाटायची म्हणून मी तीनदा उठायचो, आणि खरंच वाजली की उठायचो नाही. पुण्याचा मुलगा रविवारी फोन करायचा. "बाबा, जेवलात का?" फोन सकाळचा असो की संध्याकाळचा, प्रश्न हाच. मी म्हणायचो, जेवलो. मग दोघंही थोडा वेळ फोन धरून उभे. बाप-लेकांनी एकमेकांना आणखी काय विचारायचं असतं, ते आमच्या घरात तोवर बायकोनं पाहिलं होतं.

बाकी गावाला मी ‘सर’. सर नमस्कार, सर बरं आहे ना, सर सरका जरा, ट्रॅक्टर येतोय. बाळू म्हणणारं माणूस जगात एकच उरलं होतं, आणि ते रहिमतपूरला होतं. आमची आक्का.

आक्का दर वर्षी भुईमुगाच्या शेंगा वाळल्या की यायची. मिरजेहून सुटणारी एक लाल गाडी आष्ट्यावरून, कराड, मसूर करत थेट रहिमतपूरला जायची, तिथं मुक्काम करायची आणि सकाळी परत निघायची. त्या परतीच्या गाडीनं आक्का यायची. ड्रायव्हरच्या मागची खिडकी तिची. बंद काचेच्या मोटारीत तिला मळमळायचं, त्यामुळं "बाबा, आत्याला गाडी करून आणा ना" हा मुलाचा सल्ला पुण्यातच राहायचा. मधे कुठं उतरून गाडी बदलणंही तिला जमायचं नाही. गुडघे नको म्हणायचे, आणि पाटीवरचं गावाचं नाव डोळ्यांना दिसायचं नाही. एकदा बदलायला गेली आणि पाटणच्या गाडीत बसली. तिथून तिला आणताना फौजेतून सुट्टीवर आलेल्या भाच्याचा अख्खा दिवस गेला, आणि आक्काचं म्हणणं एवढंच, "पाटणची मानसं मातूर लय चांगली हायत."

त्या वर्षी सरकारी नियमानं तिच्या वयाला तिकीट माफ झालं आणि त्याच दिवाळीत थेट गाडी बंद झाली. तिकिटाबरोबर गाडीही माफ.

आक्काचा फोन आला. "बाळू, गाडी न्हाई म्हनं रं."

"बघतो मी," मी म्हणालो.

फोन ठेवल्यावर लक्षात आलं, की आपण आयुष्यात ‘बघतो मी’ म्हणून काहीही बघितलेलं नाही. ते खातं बायकोकडं होतं. पण या खेपेला आक्का आली नाही, तर हा हिवाळा माझ्याच्यानं निघणार नव्हता. मी तसं मोठ्यानं म्हणालोसुद्धा. घरात कुणी नसण्याची ही एक सोय असते.

डेपोतल्या साहेबांनी हात वर केले. गाडी दोन जिल्ह्यांची, दोन्हीकडच्या आमदारांची पत्रं आली तर वर पाठवू. झालं, मी लिहायला बसलो. आष्ट्याच्या बाजूचे एक आमदार, रहिमतपूरच्या बाजूचे दुसरे. दोघांनाही पत्र. आता आमदारांना पत्र लिहायचं म्हणजे कसं, हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं. मी आपलं बैजवार सुरुवातीपासून घेतलं. आमचं मूळ घर, आक्काचं लग्न, ती सासरी निघाली तेव्हा मी बैलगाडीच्या मागं पळत गेलो होतो आणि आडवाटेनं परत येताना उसाच्या फडात हरवलो होतो, ते सगळं. ‘महोदय, आपणांस कल्पना नसेल, परंतु आमच्या आक्काला बंद काचेच्या वाहनात मळमळते.’ अशी वाक्यं. लिहिता लिहिता कंदिलाची वात वाढवावी तसा मी वाढत गेलो. सहा पानं झाली. कित्येक महिन्यांत मी सलग इतका कुणाशी बोललो नव्हतो.

रहिमतपूरच्या बाजूच्या आमदारांचं पत्र मी मुंबईला, आमदार निवासाच्या पत्त्यावर टाकलं. सगळे आमदार नागपूरला आहेत हे रोज संध्याकाळी टीव्हीवर डोळ्यांनी बघत होतो, आणि तरी पत्र मुंबईला टाकलं. आमदार म्हटला की मुंबई, हे डोक्यात इतकं पक्कं. वर्गात एखाद्या पोरानं असं केलं असतं तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं.

आमच्या आमदारांचं पत्र मात्र गावाजवळच्या त्यांच्या कार्यालयात पाठवायचं होतं. पाकीट संपलं होतं. शेजारी नेमगोंडा अण्णा चौगुल्यांचं किराणा दुकान. अण्णा माझ्याच वयाचे, पक्के व्यापारी, फुकट दिलं तर पुन्हा आठवण करून देणारे. त्यांच्या धाकटीचं लग्न नुकतंच झालं होतं.

"पाकीट कशाला विकत घेताय की ओ मास्तर," अण्णा म्हणाले. "पत्रिकेची उरल्यात ढीगभर. भारी कागद हाय."

खरंच भारी कागद होता. मागं सोनेरी कलश आणि चारी कोपऱ्यांना हळद-कुंकवाची बोटं. अण्णांच्या घरच्यांनी सगळ्या पाकिटांना आधीच लावून ठेवली होती. मी म्हणालो, चांगल्या कामाला चांगलं पाकीट. वर आमदारांचा पत्ता, खाली माझं नाव-गाव घातलं. मग विचार केला, की आमदारांनी हे रविवारच्या आत वाचलं तर सोमवारी ते सभागृहात आक्काचा प्रश्न मांडतील. हसू नका. माणूस एकटा राहिला की त्याचे हिशेब असेच सरळ जातात, मधे कुणी अडवायला नसतं. म्हणून पाकिटावर लाल शाईनं ठळक लिहिलं: ‘रविवारपूर्वी मिळावे.’

रविवारी सकाळी मी लुंगीवर, दोरीवरच्या बनियनची काजळी झटकत उभा होतो. दारात एक पांढरी जीप थांबली. आतून पांढऱ्या शर्टातला, पस्तिशीचा एक गडी उतरला. हातात झेंडूचा हार, काखेत शाल, आणि प्लॅस्टिकच्या कागदातला गुच्छ. त्यानं माझ्या घराकडं पाहिलं, वर पाहिलं, मांडव कुठं दिसतोय का ते बघायला रस्त्याच्या दोन्ही टोकांना पाहिलं आणि अण्णांच्या दुकानाकडं वळला.

"सरांच्यातलं लगीन कुठल्या कार्यालयात हाय?"

अण्णांनी वजनाचं माप खाली ठेवलं. "कुणाचं लगीन?"

"सरांच्यातलं."

"मास्तरांच्यात एकटे मास्तरच हायत," अण्णा म्हणाले, आणि माझ्याकडं असं बघितलं की मी नकळत लुंगी सारखी केली. "काय ओ मास्तर? शेजाऱ्याला तरी सांगायचं!"

तो गडी म्हणजे दत्ता, आमदारांचा पीए. आमच्याकडं आमदारानं लग्नाला आणि मयताला जायचं असतं. बाकी काम एखाद्या वेळी राहिलं तर लोक समजून घेतात, हे राहिलं तर घेत नाहीत. साहेब नागपुरात असले की ही फेरी दत्तावर. कार्यालयात हळद लागलेली पाकिटं आली की ती एका टोपलीत जातात. फोडत कोण बसतंय? वरचं नाव, गाव, वार बघायचा आणि वहीत चढवायचं. माझ्या पाकिटावर तिन्ही गोष्टी ठळक होत्या.

"सर, लोकं मला मांडवातनं उठू देत न्हाईत, जेवल्याबिगर सोडत न्हाईत," दत्ता खुर्चीत बसत म्हणाला, "पण नवरा-नवरीच न्हाईत असं लगीन मी पैल्यांदाच बघतोय."

मी चहा ठेवला. दोन कप. सहा महिन्यांनी प्रमाण बरोबर आलं. दत्तानं गुच्छ कुठं ठेवावा म्हणून खोलीभर पाहिलं आणि शेवटी बायकोच्या फोटोपाशी ठेवला. हारही तिथंच घातला. विचारलं नाही, सांगितलं नाही. मग जीपमधून पाकिटांची पिशवी आणून त्यातलं माझं शोधलं आणि फोडलं.

तो वाचायला लागला, तोही मोठ्यानं. आपणच लिहिलेलं पत्र परक्याच्या तोंडून ऐकणं म्हणजे न्हाव्याच्या मागच्या आरशात आपलं टक्कल बघणं. बैलगाडी आली, उसाचा फड आला, पाटणची चांगली माणसं आली. दत्ता हसत होता, मीही हसत होतो, दुकानातून अण्णाही कान देऊन हसत होते. पाचव्या पानावर त्याचा आवाज थांबला. पुढचं तो मनात वाचू लागला. त्या पानावर काय होतं ते मला माहीत होतं. ‘साहेब, घरी सध्या बोलायला कुणी नाही, त्यामुळे पत्र लांबले. क्षमस्व.’

बाहेरून एक ट्रॅक्टर गाणं वाजवत गेला. तो पार लांब गेल्यावर दत्तानं पानं पुन्हा क्रमानं लावली.

"सर," दत्ता म्हणाला, "ह्यात गाडीची मागणी सहाव्या पानावर हाय."

"हो. तिथं आली ती."

"वरनं सुरू करायचं असतंय. विषय: अमुक गाडी पूर्ववत सुरू करणेबाबत. मार्ग, वेळ, प्रवासी कोन, खाली गावातल्या सह्या. एक पान. साहेबांच्या टेबलावर दुसरं पान कुणी उलटत न्हाई." मग जरा थांबून, "आन आक्का काढा त्यातनं."

"आक्का काढली तर राहिलं काय?"

"गाडी ऱ्हायली की!"

मुंबईला टाकलेल्या पत्राचं ऐकल्यावर तर त्यानं कपाळावर हात मारून घेतला. "आवं सर, थंडीत समदं सरकार नागपूरला असतंय! तुमचं पत्र तिकडं शिपायासंगं बसलं असंल कॅरम खेळत."

आमच्यात पत्रांची ओळख पटवायच्या जुन्या रीती आहेत. कोपऱ्याला हळद असली की घरात मंगल. जुन्या काळी कार्डाचा कोपरा फाडलेला असला की कुणीतरी गेलं, मग ते घरात न्यायचं नाही, उंबऱ्याबाहेरच वाचायचं. दोन्हीकडं लोक धावत येतात. लग्न आणि मयत यांच्या मधे जो भलामोठा काळ पसरलेला असतो, ज्यात माणूस नुसताच घरात बसलेला असतो, त्या काळातल्या पत्राच्या कोपऱ्याला काय लावावं, हे मात्र कुणी ठरवून ठेवलेलं नाही. मी चुकून हळद लावली, आणि कुणीतरी आलं. न लावता पाठवलं असतं तर आलं असतं का? दत्ताला मी हे विचारलं नाही. तो खरं बोलणारा मुलगा होता.

मग मी एका पानाचं पत्र लिहिलं. विषय, संदर्भ, मार्ग, वेळ. विद्यार्थी, रुग्ण, शेतकरी, व्यापारी यांची गैरसोय. सह्यांना गावभर फिरलो. सगळ्यांकडं मोटारसायकली, गाडीनं जायचं कुणालाच नव्हतं, पण सही सगळ्यांनी केली. "सर, घ्या की, सहीला काय पेट्रोल लागतंय?" अण्णांनी दुकानाचा शिक्का मारून सही केली आणि खाली ‘व्यापारी वर्गातर्फे’ असं लिहिलं. वर्गात ते एकटेच होते. ते पत्र मी दहा वेळा वाचलं. नेमकं, नेटकं, एकही शब्द जास्तीचा नाही. वर्गात मी नेहमी अशाच उत्तराला पैकीच्या पैकी द्यायचो. फक्त त्यात आक्का कुठंच नव्हती. तिला आणण्यासाठी तिलाच खोडावं लागलं होतं.

तिकडच्या पत्राचं आक्कानं बघितलं. मी तशीच एक प्रत तिच्याकडं पाठवून सांगितलं, की साध्या पाकिटात घालून पोस्टात टाक. तिला पोस्टाचा भरवसा नव्हता. ती ते पत्र पदराखाली धरून आमदारांच्या घरी गेली, सोप्यात त्यांच्या म्हाताऱ्या आईशेजारी बसली आणि दोघी शेंगा फोडत बसल्या. तिसऱ्या दिवशी पण गेली. चौथ्या दिवशी आईनं मुलाला नागपूरला फोन केला म्हणे.

गाडी सुरू झाली ती संक्रांतीच्या आधी. मी आष्ट्याच्या स्टँडवर उभा. थंडीत डिझेलचा धूर जमिनीलगतच राहतो. त्यातून गाडी आली. ड्रायव्हरच्या मागच्या खिडकीत आक्का. खाली उतरली, माझ्याकडं बघितलं, लांबून, मग जवळून, मग आणखी जवळून.

"बाळू, किती वाळलास रं. आन ह्या गाडीचा पत्रा लय वाजतोय. त्येचं बी लिहायचं हुतंस की."

ती आठ-पंधरा दिवस राहिली. काय केलं आम्ही? काही नाही. ती उन्हात बसून तीळ निवडायची, मी पेपर वाचायचो. ती मधेच म्हणायची, "काय म्हनतोय पेपर?" मी म्हणायचो, "काही नाही." आणि तेवढ्यावर अर्धा दिवस जायचा. कुकरला एक वाटी तांदूळ लागायचा. दोरीवर तिचं नऊवारी आणि माझं बनियन, दोन्हीवर सारखी काजळी, आणि ती माझ्यासारखी झटकत बसायची नाही. "ऱ्हाऊ दे की. काळं लागलं तर दिष्ट न्हाई लागत." बायको गेल्यापासून त्या घरात मला पहिल्यांदा दुपारची झोप लागली. जागा झालो तर स्वयंपाकघरात कुणीतरी भांडं खाली ठेवत होतं. मी तसाच पडून राहिलो, पुन्हा एकदा भांडं वाजेपर्यंत.

त्यानंतरचे काही हिवाळे ती आली. गाडीही टिकली. आता तर इकडून कॉलेजच्या पोरी त्या गाडीनं मिरजेला जातात आणि ड्रायव्हरच्या मागच्या खिडकीसाठी भांडतात. पत्रात मी ‘विद्यार्थ्यांची गैरसोय’ असं खोटंच लिहिलं होतं, ते आपोआप खरं झालं.

यंदा आक्का आली नाही. भाचा फौजेतून निवृत्त झाला आणि त्याला जबलपूरला नोकरी लागली. रहिमतपूरच्या घराला कुलूप घालून तो आईलाही घेऊन गेला. चांगला मुलगा आहे. आईला एकटं ठेवायचं नाही म्हणाला. तिला तिथं तिसऱ्या मजल्यावर खिडकीपाशी खुर्ची दिली आहे. आजूबाजूला सगळी हिंदी. आक्काचं हिंदी म्हणजे मराठीच, फक्त मोठ्यानं.

मी दत्ताला सहज फोन लावला होता. "सर, जबलपूर म्हंजे राज्यच दुसरं की," तो म्हणाला. "आपलं पत्र तिथं कोन वाचनार? तुमी बाकी बरं हाय न्हवं? येऊन जातो ह्या आठवड्यात." तो येतो. लग्नाच्या फेऱ्यांत वाट वाकडी करून येतो, चहा पितो. पण दत्ताला मी सरच.

काल दुपारी भाच्यानं व्हिडिओ कॉल लावून दिला. आक्काला फोन कुठं धरावा कळत नाही. मला तिचं नुसतं कपाळ आणि वरचा पंखा दिसत होता.

"बाळू, शेंगा वाळल्या असत्याल न्हवं तिकडं?"

"वाळल्या."

"हितनं आष्ट्याला थेट गाडी हाय का रं?"

"नाही, आक्का. लांब आहे ते."

"हितं बी आमदार असंलच की."

"असतो ना."

"मग लिही की त्येला. तुला येतंय."

पंखा फिरत होता. इकडून रस्त्यानं ट्रॅक्टर गाणं वाजवत गेला. तिनं ते ऐकलं असावं, कारण कपाळ जाऊन पडद्यावर तिचा कान आला. ट्रॅक्टर लांब गेल्यावर तिनं विचारलं,

"लिहितोस न्हवं?"

"लिहितो."

"किती दिस लागत्याल?"

"लागतील थोडे."

"बरं," आक्का म्हणाली. "मी पिशवी भरून ठेवते."